सोळा-अठरा-अठरा-छत्तीस

मोटर चालतेय तोवर तिला हात लावू नये, एवढी अक्कल आमच्याकडं शेंबड्या पोरालाही असते. बापूला ती नाही. बापू म्हणजे कुणी एक माणूस समजू नका. तो एक वाण आहे, आणि गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावसारख्या मोठ्या गावात तो हमखास उगवतो. वय तिशी ओलांडलेलं, शिक्षण 'बी.एस्सी. झालंच म्हणायचं' इतपत, पोटापाण्याला एक शटर. शटरवर झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, केवायसी, पासपोर्ट फोटो असं सगळं रंगवलेलं. ज्या कामात त्याचा जीव आहे ते तेवढं रंगवलेलं नाही, कारण त्याचे पैसे कुणी देत नाही. बापू रॅमचं टायमिंग कमी करतो.

त्याच्या बोलण्यात तथ्य असतं, ही खरी पंचाईत. एखादं पोरगं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात कुणाच्याच नाही) मशीन जुळवून आणतं आणि कौतुकानं बापूला दाखवायला येतं. बापू कौतुक करत नाही. मशीन सुरू होता होता डिलीटचं बटण टकटकटक दाबतो, बायोसचा पडदा उघडतो आणि बोट ठेवतो. "खोक्यावर किती लिवलंय?" ३२००. "आन् पळायलंय कितीवर?" २१३३. पोराचा चेहरा उतरतो. फसवणूक कुणी केलेली नसते. डीडीआर४ रॅमची स्टिक बोर्डात बसवली की बोर्ड तिला आधी सावध, ठरलेल्या वेगानंच चालवतो. कंपनीनं जाहीर केलेला वेग स्टिकवरच्या एका बारक्या चिपमध्ये लिहिलेला असतो आणि तो वापर असं बोर्डाला आपण सांगावं लागतं. इंटेलनं २००७ मध्ये त्यासाठी एक्सएमपी आणलं, एएमडीनं २०२२ मध्ये एक्सपो. एक खूण करायची, सेव्ह करायचं, झालं.

पोरगं खुशीत घरी जातं आणि अर्ध्या तासात परत येतं. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅमात वेग १६०० दिसतोय! "बापू, अर्धाच दिला!" मग बापू त्याला खुर्ची देतो. डीडीआरमधला पहिला डी डबलचा आहे, घड्याळ १६०० चंच चालतं, पण दर ठोक्याला माल दोनदा उतरतो, म्हणून ३२००. हे बापूनं निम्म्या गावाला समजावलंय. उरलेल्या निम्म्याकडं कॉम्प्युटर नाही.

इथं थांबला असता तर बापू हुशार माणूस म्हणून गावात मिरवला असता. पण एक्सएमपी त्याला कमीपणाचं वाटतं. "ते तर कोनीबी करतंय." तो 'ऑटो' लिहिलेल्या प्रत्येक रकान्यात शिरतो आणि स्वतःचा आकडा घालतो. नेहमीचे चार आकडे सोळा, अठरा, अठरा, छत्तीस. ते काय, हे त्याच्याच तोंडून ऐकावं. रॅम म्हणजे रेकॉर्डची खोली. कपाट उघडायला अठरा ठोके, त्यातला कागद काढून हातात द्यायला सोळा, कपाट लावून दुसऱ्याच्या तयारीला अठरा, आणि एकदा उघडलेलं कपाट छत्तीसच्या आत लावायचं नाही. हे ऐकून फेरफारासाठी ताटकळलेले एक काका म्हणाले होते, "आमच्या कागदाला सहा महिने झाले. तेवढं तुज्या बायोसमदी बघ की."

फोनवर तो हे आकडे इतक्यांदा मोठ्यानं म्हणतो की पलीकडच्या पानटपरीवर वेगळाच समज झाला. अठरा दोनदा आला म्हणजे जोडी पक्की, असं धरून कुणीतरी मटक्यावर पैसे लावले. पुढं काय झालं ते टपरीवर सांगत नाहीत.

आता हिशोब मांडू. ३२०० च्या रॅमचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा. सोळा ठोके म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. बापू जिवाचं रान करून सोळाचे चौदा करतो, म्हणजे ८.७५. वाचले सव्वा नॅनोसेकंद. एवढ्या वेळात उजेड सव्वा फूट जातो. वीस वर्षांपूर्वीची चांगली डीडीआर-४०० घेतली तरी तिचे दोन ठोके १० नॅनोसेकंदांचेच. माल वाहायचा वेग आठपट झाला, पण कागद हातात पडायची वेळ तिथंच. हे बापूला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बाहेर बाकावर मात्र विम्याची मुदत संपत आलेली माणसं बसलेली असतात, पोर्टलचं चाक गरगर फिरत असतं आणि ओटीपी येता येत नाही. २०२३ च्या खरिपात विमा एक रुपयात झाला तेव्हा बाक कमी पडला, तरी आत बापू सव्वा नॅनोसेकंदाच्या मागं होताच.

आकडा घालणं सोपं, टिकवणं अवघड. एक ठोका जास्त कापला की पडदा काळा. बोर्ड बिचारा दोन-तीनदा धडपडून उठतो आणि जुन्या वेगावर जाऊन बसतो. नाहीच उठला तर बापू बॅटरीकडं वळतो. टॉर्च नव्हे, बोर्डातली नाण्याएवढी सीआर२०३२. ती काढून थोडं थांबलं की बायोस सगळं विसरतो. तारीखही विसरतो, ही त्यातली मेख. मशीन सुरू होतं ते एकदम पाच-सहा वर्षं मागं जाऊन, आणि मग एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्यांची प्रमाणपत्रं मशीनच्या लेखी अजून जन्मलेलीच नसतात. बाहेरून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन हाय का?" बापू आतून म्हणतो, "हाव, वरूनच बंद हाय." हे एवढंच खोटं तो बोलतो.

मशीन उठलं की परीक्षा. मेमटेस्ट रात्रभर लावायची, कीबोर्डवर 'हात लावू नये'ची चिठ्ठी. पहाटे चौथी फेरी संपत आलेली असते आणि लाईन जाते. एकदा मात्र गेली नाही. बापू ओरडत घरात आला, "पास! एक एरर नाही!" आईनं देवापुढं साखर ठेवली. बी.एस्सी.चा राहिलेला पेपर सुटला असं ती अजून धरून आहे आणि तिला खरं सांगायची कुणाची छाती नाही.

ही सेटिंग जानेवारीतली. रॅमच्या प्रत्येक घरात बारीकसा विजेचा साठा असतो आणि तो गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते. तापमान चढलं की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर तर दुप्पट वेळा भरायचा नियम आहे. परभणीचा मे महिना हा नियम लिहिणाऱ्यांनी पाहिला नसावा. बापूच्या वहीत म्हणून दोन पानं आहेत, हिवाळी आणि उन्हाळी. मधल्या पानावर कूलरच्या वाळ्याचा भाव.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण बापू चेष्टेनं घेत नाही. जर्मनीत या खेळातले पट्टीचे गडी आहेत, आणि ते मशीनवर उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओततात. तो आपल्याकडं कुठं मिळायचा, असं कुणीही म्हणेल. बापूनं शोधला. गुरांच्या दवाखान्यात वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रा त्यातच ठेवतात. एका दुपारी तो स्टीलचा थर्मास घेऊन तिथं गेला, आणि रॅम, ठोके, कपाट, जर्मनी असं सगळं अगदी नीट समजावून सांगितलं. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बापू, म्हैस माजावर आलीय का?"

"नाही."

"मग झाकण उघडत नसतो."