तळं आधी, खुराडं मागाहून

अहो, ऐकलंत का? गडग्यापलीकडच्या काकूंची बदकं एकदाची पडवीतून बाहेर निघाली! इतके दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर बल्ब लावून… आणि काय तो वास! काकू म्हणायच्या, "छे, वास कुठे येतोय?" आम्ही इकडे भरउन्हाळ्यात खिडक्या लावून बसलेलो. मी बोलले नाही हं काही. उगाच शेजाराशी वाकडं कशाला.

तर काय सांगत होते, तळं. खुराड्याचा पत्ता नाही आणि आधी तळं! काका रिटायर झाल्यापासून त्यांना काही ना काही बांधायला लागतंच. गवंडी आला, चिरे आले, आतून बाथरूमला लावतात तशा निळ्या टाइल्स. वर मला बोलावून म्हणतात, "कसं, रिसॉर्टसारखं वाटतंय ना?" वाटतंय हो, पण चारही भिंती सरळ उभ्या! पायरी नाही, उतार नाही. आमच्या सासूबाईंनी गडग्यावरूनच विचारलं, "अरे, पिल्लं वर कुठून यायची?" काका हसले. "काकी, बदकाला पोहायला कोणी शिकवतं का?" सासूबाई गप्प. त्या गप्प झाल्या की मला धडकीच भरते.

आणि झालं तेच. उद्घाटनाला सगळी आळी गोळा, मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. पिल्लं सोडली, तशी झरझर पोहायला लागली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी कोकम सरबत फिरवलं. तिकडे कोण बघतंय… सरबत गोड फार झालं होतं, पण ते असो. जरा वेळाने बघतो तर पिल्लं कडेला येऊन धडपडतायत, टाइलवरून पाय सटकतायत, लव भिजून अंगाला चिकटलेली. एकाची तर मानच पाण्यात कलंडायला लागली. मग काय विचारता! आमच्या सासूबाई नऊवारीचा ओचा खोचून थेट तळ्यात. एकेक पिल्लू उचललं, पदरात घेतलं. काकांचं तोंड एवढंसं झालेलं. आणि फोनमधून मुलगा विचारतोय, "बाबा, नेटवर्क गेलं का? कोणी बोलत का नाही?" बोलणार कोण, कपाळ!

संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, आईबरोबरचं पिल्लू भिजलं तरी तिच्या पोटाखाली शिरून ऊब घेतं, ही तर मशीनमधली, ह्यांना पोटाखाली घेणार कोण? शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, चोचीने ते तेल पिसांना लावतात म्हणून मोठ्या बदकाच्या अंगावर पाणी ठरत नाही. पिल्लांचं ते नीट सुरू व्हायला वेळ लागतो, आणि पुरती पिसं यायला सात ते नऊ आठवडे. तोवर तळंबिळं काही नको, चोच, नाक, डोळे बुडवून धुता येतील एवढं पाणी बास. "म्हणजे केवढं?" काकूंनी विचारलं. "घमेलंभर," डॉक्टर म्हणाले. घमेलंभर! तेव्हा काकूंनी काकांकडे जे बघितलं ना… टाइल्सचं बिल त्यांच्या डोळ्यांपुढे असणार.

सासूबाईंना आता काय, राज्यच मिळालं. त्यांच्या माहेरी बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायचे. कोंबडीची २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८, म्हणजे बिचारी आठवडाभर जादा बसायची. आणि पिल्लं पाण्यात शिरली की काठावर कलकलाट करायची, ही पोरं माझी नव्हेतच की काय! काकूंची जात खाकी कॅम्पबेल. डॉक्टर म्हणाले, ती अंडी भरपूर देते पण उबवायला बसत नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आजकालच्या…" आणि माझ्याकडे बघून थांबल्या. सोडा.

हां, खुराडं. त्यात काकांनी वर दांड्या ठोकल्या, बदकांना झोपायला! वेल्डिंगवाला पोरगा म्हणतो, "काका, बदक दांडीवर बसत नाय, खालीच बसता." "असू दे, कोंबड्या आणल्या तर?" काका म्हणाले. हार मानतील तर शपथ. जाळी मात्र त्या पोराने बदलायला लावली. काकांनी आणलेली पातळ, षट्कोनी भोकांची. ती कोंबडी आत ठेवते, पण मुंगूस बाहेर ठेवत नाही. आता अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावलीय, खाली वीतभर जमिनीत पुरलीय, म्हणजे उकरून कोणी आत येणार नाही. दार रुंद ठेवलंय, कारण बदकं सगळी एकदम घुसतात. वर वारा खेळायला फट, खाली भाताचं तूस. बदकाची विष्ठा म्हणजे पाणीच, ते तूस सारखं बदलावं लागतं. हे काम कोणाचं, ते मी सांगायला नको. काकू कंबर धरून चालतायत हल्ली.

आणि गंमत बघा, कोंबड्या कशा तिन्हीसांजेला आपल्या आपण घरात जातात. बदकं जातील तर ना! रोज काका हातात काठी घेऊन "चला, चला, बाळांनो" करत अंगणभर फिरतात. आमचे हे तेवढ्यासाठी चहा घेऊन गडग्यावर बसतात.

तळ्याचंही निस्तरलं. एका कडेला चिरे रचून पायऱ्या केल्या, वर काथ्याचं पायपुसणं टाकलं, पाय सटकू नये म्हणून. तळाला भोक पाडून पाइप काढला. रोज पाणी घाण होतं हो, बदकं म्हणजे चिखल करणारी जात. ते सगळं अळवाला आणि केळींना जातं. गेल्या सोमवारी काकूंनी अळू दिलं, फतफतं छान झालं, खोटं कशाला बोलू.

पण खरी बातमी पुढेच आहे. वर्षाला एकेक मादी अडीचशे-तीनशे अंडी घालते असं कुठेतरी वाचून काकूंनी आळीत सगळ्यांना अंडी कबूल केलीत. गणपती झाले की प्रत्येकाकडे अर्धा डझन! आता पिल्लांना आवाज फुटलाय. मादी खणखणीत ओरडते आणि नर घोगरा, बसक्या घशाचा. काल डॉक्टरांनी कान देऊन ऐकलं. सहांतली चार घोगरी! काकूंचा चेहरा असा काही उतरला… "सर्दी झाली असेल हो," म्हणाल्या.

मला शपथ घातलीय, कोणाला सांगू नका. आणि मी मूर्खासारखी अंड्यांसाठी माझा नवा स्टीलचा डबा देऊन बसलेय, झाकणासकट. आता तो परत मागायचा कसा, सांगा बघू?