काट्याला टोचलेला इतिहास

कॅल्गरी-एडमंटनला मुलाकडे-मुलीकडे उन्हाळा काढायला गेलेले मराठी आईवडील परत येतात ते फोनमध्ये बँफचे डोंगर आणि लेक लुईझचं निळं पाणी भरून. गाडी नेहमी पश्चिमेलाच वळते. पूर्वेला काय आहे असं विचारलं, तर "काही नाही, नुसती शेतं" हे उत्तर ठरलेलं, आणि ते बरंचसं खरंही आहे. प्रेअरीतला रस्ता इतका सरळ असतो की समोरचा ट्रक दिसल्यापासून शेजारून जाईपर्यंत एक डुलकी सहज होते (मागच्या सीटवरच्यांची). तरीही माझं म्हणणं असं, की कॅनडा कळायला हवा असेल तर गाडी पूर्वेला न्यावी, आणि उपाशीपोटी न्यावी. या मुलखाचा इतिहास बघण्यापेक्षा खाण्यात जास्त कळतो.

ज्या गावाला गड नाही, सुळका नाही, त्याला स्वतःची ओळख सांगायला काहीतरी उंच उभारावं लागतं. आपल्याकडे अशा वेळी अश्वारूढ पुतळा कामी येतो. अल्बर्टातल्या युक्रेनियन वस्त्यांनी थेट जेवणाचं ताटच उभं केलं. मंडेअरला ४२ फुटी सॉसेज आहे. ग्लेंडनला १९९१ पासून २७ फुटी पेरोगी आहे. करंजीसारखी दुमडून पाण्यात उकळलेली ही वस्तू तिथे चक्क काट्याला टोचून ठेवली आहे, म्हणजे कोणी तरी महाकाय पाहुणा जेवता जेवता फोन घ्यायला उठून गेला असावा. आणि व्हेग्रव्हिलला अंडं आहे. पोलीस आणि अंडं यांची गाठ एरवी मोर्चातच पडते. इथे मात्र घोडेस्वार पोलीस दलाच्या शताब्दीनिमित्त, १९७५ मध्ये, कृतज्ञतेपोटी हे उभारलं गेलं. युक्रेनियन घरांत ईस्टरला मेणाच्या रेघा ओढून अंडी रंगवतात, त्याची ही ३१ फूट उंचीची आवृत्ती. गंमत म्हणजे कोंबडीला जे विनासायास जमतं, त्यासाठी इथे युटा विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ रॉनल्ड रेश यांना बोलवावं लागलं. अ‍ॅल्युमिनियमचे सपाट त्रिकोण आणि तारे जोडून अंड्याची गोलाई आणायची, तर प्रत्येक सांध्याचा कोन वेगळा. ते गणित संगणकावर सोडवावं लागलं. हजारो तुकड्यांचं हे सोनेरी-चंदेरी अंडं आज वारा वाहील तसं खांबावर फिरतं.

हा पोरखेळ आहे, इतिहास नव्हे, असं कोणी म्हणेल. पण हे उभारणारे कोणाची नातवंडं-पतवंडं, ते बघा. १८७२ च्या कायद्याने कॅनडा सरकार १० डॉलर फीमध्ये १६० एकर जमीन देत होतं. अट एवढीच की राहून कसून दाखवा. १८९१ पासून युक्रेनियन शेतकरी येऊ लागले. एडमंटनच्या पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर त्यांचं वारसा-खेडं जपलंय, त्यात त्यांचं पहिलं घरही दिसतं: जमिनीत खड्डा आणि वर गवताच्या ढेकळांचं छप्पर. तिथले कलाकार १९३० च्या पुढचं काहीच ठाऊक नसल्यासारखे वागतात. वायफायचा पासवर्ड विचारला तर कोरे चेहरे करून बघतात आणि कोबीच्या लागवडीकडे वळतात. अशा बिळात पहिला हिवाळा काढलेल्यांच्या वंशजांनी पोटभर अन्नाचा पुतळा उभारावा, याहून सरळ तर्क कोणता?

दुसरा आक्षेप जड आहे. ती जमीन रिकामी नव्हती. १८७६ च्या सहाव्या तहाने ती क्री आणि इतर आदिवासींकडून घेतली गेली, आणि त्यांचे गवे थोड्याच वर्षांत संपवले गेले. सॉसेजचा पुतळा याबद्दल गप्प आहे, हे कबूल. मात्र ताट बोलतं. फोर्ट मॅक्लाउडजवळच्या ज्या कड्यावरून हजारो वर्षं गव्यांचे कळप खाली लोटले जात, त्या जागतिक वारसास्थळी पेमिकनची कृती समजते: वाळवून कुटलेलं मांस, चरबी आणि सॅस्काटून नावाची जांभळी फळं. फरचा सारा व्यापार या शिदोरीवर चालला. आज तीच फळं युरोपीय पाईच्या कवचात मिळतात, आणि स्कॉटिश व्यापाऱ्यांची बॅनक भाकरी आदिवासींच्या घरची झाली आहे. कोणी कोणाकडून काय घेतलं याचा इतका उघड हिशेब संग्रहालयाच्या पाटीवर क्वचितच सापडतो.

आता शुद्धतावादी. पेरोगीत चेडर चीज कुठून आलं, असं ते विचारतात. आलं दुकानातून, शाकाहारी प्रवाशाने त्याबद्दल आभारच मानावेत, कारण बटाटा-चीजची पेरोगी नसती तर प्रेअरीत त्याची मदार फ्रेंच फ्राईजवर असती. (तळलेला कांदा मागताना बेकन नको म्हणून सांगा.) शिवाय स्थलांतरित पदार्थ बदलतातच असं नाही, कधी मूळ गावापेक्षा हट्टाने टिकतात. मॅनिटोबातल्या गिमलीला १८७५ मध्ये आलेल्या आइसलँडरांनी विनारतेर्ता हा आलुबुखाऱ्याच्या सारणाचा थरांचा केक आणला. आइसलँडमध्ये त्याची फॅशन ओसरली. इथे मात्र थर किती आणि वर आयसिंग हवं की नको, यावर नातेवाईक अजून हिरिरीने भांडतात. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

तेव्हा एक दिवस तरी यलोहेड महामार्गाने पूर्वेला निघा. वारसा-खेडं मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडं असतं. बँफचे डोंगर बाराही महिने जागेवर असतात.