‘अ’ आला की ‘ब’ हवाच

प्रोजेक्ट रिपोर्टच्या आराखड्यात ‘अ’ असेल, तर ‘ब’ असलाच पाहिजे. एकटा ‘अ’ दिसला की गाइडचं लाल पेन बाहेर येतं. समजा, चाकणच्या एका शेडमधलं मशीन बंद पडलं, कारण बेअरिंगला ग्रीस नव्हतं. कारण एकच. शॉप फ्लोअरवर व्हाय-व्हाय ॲनालिसिस करतात, पाच वेळा ‘का’ विचारत मुळाशी जातात आणि मूळ सापडलं की थांबतात. ब्लॅक बुकात, म्हणजे काळ्या बांधणीच्या प्रोजेक्ट रिपोर्टात, थांबायची सोय नाही. ‘अ’ म्हणजे ग्रीसचा अभाव. आता ‘ब’ कुठून आणायचा? मागच्या बॅचच्या ब्लॅक बुकातून. तिथे तो तयारच असतो: ‘मानवी घटक’. त्याच्याखाली १ आला म्हणून २ही आला. १, ऑपरेटरचं दुर्लक्ष. २, ऑपरेटरमध्ये जागरूकतेचा अभाव. ग्रीस मागून मागून थकलेला, कंत्राटावरचा तो माणूस पानाची शोभा राखण्यापायी दोनदा दोषी ठरला! त्याला नोटीस नाही, चौकशी नाही, फक्त अर्ध्या इंचाचा इंडेंट. आणि याला संशोधन म्हणायचं?

गाइडला विचारलं, तर बोट एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैलीकडे. ही शैली १९२९ साली सात पानांत मावली होती. २०१९ची सातवी आवृत्ती चारशेवर पानांची झाली, तरी तिच्यात आराखड्याचा ठरलेला नमुना नाहीच. ती एवढंच सांगते की उपशीर्षक एकटं ठेवू नका. दोन तरी द्या, नाहीतर देऊच नका. यातलं ‘देऊच नका’ आपल्याकडे पोचेपर्यंत वाटेत गळालं (बहुधा झेरॉक्सवाल्याकडे). कुणी म्हणेल, तुकडे करायचे तर दोन होणारच. बरोबर, पण मग कापता कशाला? कुणी म्हणेल, शिस्त नको का? भोसरीत मायक्रॉन मोजतातच की! मोजतात, कारण शाफ्ट बेअरिंगमध्ये बसायचा असतो. ‘ब’ कशात बसायचा असतो? शिवाय ड्रॉइंगमध्ये एकच भोक असेल, तर जोडी जमावी म्हणून कुठला टर्नर दुसरं पाडत नाही. पाडलं तर पार्ट रिजेक्ट होतो. इथे दुसरं भोक पाडल्याशिवाय सही मिळत नाही. सही झाली की काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि चारही प्रती थेट कपाटात, पुढच्या बॅचला ‘ब’ पुरवायला. ग्रीसचा इंडेंट अजून स्टोअरमध्येच पडून आहे.