घोळवणारे भाऊ

आसनगाव स्टेशनबाहेर कटिंग चहाचा ग्लास बुडाशी दोन बोटांत धरून गोलगोल फिरवणारा माणूस दिसला, की समजावं, हे भाऊ नाशिकला जाऊन आलेत.

ऑफिसातल्या चौघांबरोबर घाट चढून भाऊंनी एक रविवार गंगापूर धरणाजवळच्या ‘सुला’मध्ये घालवला. तिथली पहिली वाइन २००० साली निघाली, टेस्टिंग रूम २००५ची, आणि राजीव सामंतांनी नाव ठेवलं ते आई सुलभाताईंवरून, हे सगळं ते आता घरच्या बारशासारखं सांगतात. आधी पांढरी, मग लाल. पेला देठाला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेनं वाइन कोमट होते. रंग बघायचा, घोळवायचं, हुंगायचं, मगच घोट. चाखून थुंकायला ठेवलेलं भांडं दाखवलं, तेव्हा भाऊ खुलले, “म्हणजे पिकदाणीच की!” वापरली मात्र नाही. पैसे भरले होते.

तेव्हापासून घरात काही सरळ घशाखाली उतरत नाही. “अहो, चहा आहे तो, ताक नाही!” हे वहिनींचं रोजचं.

तरी एक कबूल करायला हवं, भाऊंचं नाक खोटं नाही. शिराझ चाखवताना तिथला मुलगा ‘ब्लॅकबेरी’ म्हणाला. ती दोघांनीही कधी खाल्लेली नव्हती. भाऊ म्हणाले, करवंद. टॅनिन म्हणजे काय, तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते ते. मुरबाडकडच्या माणसाला याहून सोपं कोण सांगणार? पण मोहाच्या दारूचा विषय निघाला की हेच भाऊ कानांवर हात ठेवतात. फुलं गावच्याच रानातली असतात, पण तिला देठाचा पेला नाही ना!

सध्या त्यांना बाडेननं पछाडलंय. व्हिएन्नाजवळच्या त्या गावात गंधकाचे गरम झरे आहेत आणि भोवती द्राक्षमळे. बेथोव्हेन तिथे उन्हाळे काढायचा. “आपल्याकडे झरे आहेत, देवी आहे, चिमाजी अप्पांचा नवस आहे. फक्त द्राक्षं तेवढी घाटावर राहिली,” असं हळहळत भाऊ सहकुटुंब वज्रेश्वरीला गेले आणि अकलोलीच्या कुंडात उतरले. सवयीनं ओंजळभर पाणी घोळवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

“गंधक तर आहेच. पण मागून काहीतरी वेगळंच येतंय.”

“मागून आमचा नातू येतोय,” पायरीवरच्या आजी म्हणाल्या. “सरका जरा.”