वाहनांतर्गत जलप्रवेशाची मीमांसा

मृग लागले की आमच्या बोरी गावात पारावर पहिली चर्चा निघते ती नक्षत्राच्या वाहनाची. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस धो धो. कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकीवरून जनावर ठरवायचे. पावसाला वाहन असते हे पंचांगाने सांगितले. वाहनाच्या आतही पाऊस असतो, याबद्दल मात्र पंचांगकर्ते गप्प आहेत. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लघुप्रबंध.

विषय: आमची जुनी चारचाकी. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या चपला भिजतात. संशय: पाणी येते कुठून?

पूर्वपक्ष घरातूनच आला. "अहो, काच तुम्हीच उघडी ठेवली असणार." या मताला पुरावा लागत नाही. काच बंद होती, असे मी सप्रमाण सिद्ध केले. ते मान्य झाले नाही.

दुसरा पक्ष मेकॅनिकचा, आणि तो तितका टाकाऊ नाही. एसी हवेतल्या वाफेचे पाणी करतो आणि ते एका बारीक रबरी नळीतून गाडीखाली सोडतो. चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या घराने नळी बुजली, की तेच पाणी आत पायाशी उतरते. परीक्षा सोपी: कोरड्या दिवशी एसी लावून जिंतूरला जाऊन यायचे. मॅट भिजली तर एसी, नाही भिजली तर आभाळ. (पाण्याला गोडसर वास आणि बोटांना बुळबुळीतपणा जाणवला तर ते कूलंट. त्यावर वेगळा ग्रंथ लागेल, आणि वेगळे पैसे.) आम्ही जाऊन आलो. मॅट ठणठणीत कोरडी.

इथे आजीचे मत नोंदवतो. तिचा सगळा संसार माळवदाखाली गेला. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकायची, तरी पावसाळ्यात गळ लागायचीच. ती गाडीत डोकावलीसुद्धा नाही. "थेंब पडतो तिथं भोक नसतंय बाळा. पाणी तुळईला धरून चालतंय. गळ चुलीवर अन् भोक देवघरावर." न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचे अनुमान करतात. ते जमते, कारण धूर आणि अग्नी एकाच डोंगरावर असतात. ओल पाहून भोकाचे अनुमान केले की डोंगरच चुकतो.

पाश्चात्त्य पंडित आजीच्या बाजूचेच आहेत. केटलीतला चहा कपात न पडता तोटीच्या खालच्या अंगाला धरून ओघळतो, यावर मार्कुस रायनर यांनी 1956 मध्ये लेख लिहिला; न ओघळणाऱ्या तोटीचे गणित मांडल्याबद्दल व्हँडेन-ब्रोक आणि केलर यांना 1999 मध्ये इग नोबेलही मिळाले. आमच्या स्टँडवरच्या हॉटेलात हा प्रयोग रोज शंभरदा होतो, पण तिथे बक्षीस म्हणून फक्त फडके फिरते.

आता प्रयोग. पंक्चरवाला ट्यूब फुगवून पाण्यात बुडवतो. गाडी घमेल्यात मावत नाही, म्हणून काचा लावून ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण जोरात ठेवायचा आणि बाहेरून सांध्यांना साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे आले, पण मागच्या दिव्यापाशी. म्हणजे आणखी एक भोक सापडले, ज्याची आम्हाला गरज नव्हती. मग समोरच्या काचेखालची काळी जाळी उघडली. कडुनिंबाचा दोन मुठी पाला निघाला. तो तिथे राहिला असता तर पुढच्या वर्षी दोषी ठरला असता. यंदा निर्दोष सुटला.

शेवटी पाइप. पाणी नेहमी खालून वर चढवत न्यावे. थेट छतावर सोडले तर ते सगळीकडून ओघळते आणि सगळेच आरोपी एकदम ओले होतात. पुतण्या मोबाइलची बॅटरी लावून आत ओणवा बसला. उंबऱ्याशी पाच मिनिटे, बिजागरीशी पाच मिनिटे, काही नाही. धार डाव्या दाराच्या काचेच्या खालच्या रबरावर आली आणि आतून आवाज आला, "काका, येऊलालं! स्पीकरातून येऊलालं!"

सिद्धान्त असा. दारात पाणी शिरणे हा दोष नव्हेच. काचेला धरून ते दाराच्या पोटात उतरतेच. म्हणून तर तळाला बारीक भोके ठेवलेली असतात आणि डोअर पॅडमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. मेहुण्याच्या लग्नाआधी आम्ही मोठे स्पीकर बसवून घेतले. बसवणाऱ्याने पडदा ब्लेडने गोल कापला. तळाची भोके तोवर काळ्या मातीने लिंपली गेली होती. दार लावताना आत 'डुबुक' व्हायचे ते सगळ्यांनी ऐकले होते. आम्ही त्याला बेस समजत होतो. येलदरी धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा तरी मिळतो.

छत्रीच्या काडीने भोके मोकळी केली. गढूळ पाण्याची धार बराच वेळ चालली. खताच्या पोत्यातले आतले प्लास्टिक कापून पडदा केला आणि काळ्या चिकट ब्यूटाइल पट्टीने लावला. सिलिकॉन वापरू नये, ते अशा प्लास्टिकला धरत नाही. छत दोन चौरस मीटर धरले तर 50 मिलिमीटर पावसात त्यावर 100 लिटर पाणी पडते. आमच्या वाट्याला त्यातले तांब्याभर आले, हे नशीबच.

वाळवायला मॅट उचलली. खालचा फोम पिळण्याइतका ओला, आणि त्यावर सोयाबीनचे चार दाणे, बियाण्याच्या पोत्यातून सांडलेले. तिघांना बोटाच्या पेराएवढे मोड. पेरणीआधी घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवावेत, 70 उगवले तर बियाणे पेरणीस योग्य, असे कृषी विभाग सांगतो. आमच्या अण्णांनी वाकून मोड पाहिले, मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "पंच्याहत्तर टक्के. हेच पेरू."