वास्तव्याचा दाखला देणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

रा. रा. साहेब,

निपाणी भागातील ज्या कचेरीच्या खिडकीत आपण बसता, तिचे नाव मी येथे लिहीत नाही. असे साहेब या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर एकाच कचेरीला लाभले आहेत, असा समज पसरवून बाकीच्या कचेऱ्यांवर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. परंतु गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याचा अर्ज परत करताना, कॉलेजची वर्षे त्याने कोल्हापुरास बोर्डिंगात काढली सबब त्याचे गावचे वास्तव्य खंडित झाले, असा जो शोध आपण लावलात, त्याची कीर्ती दूरवर जावी म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने दावा सांगितला आहे, तेथील मराठी उमेदवारांस महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत उतरण्याची मुभा आहे, आणि तिच्यासाठी १० जुलै २००८ च्या परिपत्रकाचा हवाला भरतीच्या जाहिरातींतून छापला जातो. अट एवढीच, की त्या गावातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. आता हा दाखला मागायचा तो कर्नाटकाच्या दप्तरात, म्हणजे ज्या सरकारला मूळ दावाच कबूल नाही त्याच्याच दारी! मुंबईच्या ज्या कोणा विद्वानाने ही तजवीज केली, त्याने सीमेवरचा कोगनोळीचा नाका मोटारीची काच खाली न करताच ओलांडला असावा.

पण आपली करामत त्याच्याही पुढची. मुलगा महाराष्ट्राच्या चाकरीस पात्र ठरावा म्हणून त्याने महाराष्ट्रात कधी राहिलेले असता कामा नये, हा न्याय मी तरी कोणत्याही स्मृतिग्रंथात वाचलेला नाही. कोल्हापुरास गेला म्हणून तो इथला उरला नाही, आणि तिथे १५ वर्षे भरली नाहीत म्हणून तिथल्या अधिवासालाही मुकला. तेव्हा कागल आणि कोगनोळी यांच्या दरम्यान, महामार्गाच्या दुभाजकावर, त्याने बिऱ्हाड थाटावे, अशी आपली सूचना आहे काय? राजर्षी शाहूंनी १९०१ पासून ज्या नगरीत बोर्डिंगे उभारली, तिथे निपाणी-संकेश्वरकडच्या पोराने शिकायला जाऊ नये तर जावे कोठे? हा मुलगा शनिवारी संध्याकाळी मळक्या कपड्यांचे गाठोडे आणि रिकामा डबा घेऊन घरी येई, रविवारी बापाबरोबर तंबाखूची खुडणी करून हात चिकट काळे करून घेई, आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने भाकऱ्या बांधून परत जाई. रेशनकार्डावर त्याचे नाव इथले, मतदार यादीत इथले. त्या यादीचा कायदा, म्हणजे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम २० मध्ये स्वच्छ सांगतो की तात्पुरत्या गैरहजेरीने माणूस आपल्या राहत्या ठिकाणचा सामान्य रहिवासी राहत नाही असे होत नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतला जवान वर्षानुवर्षे सरहद्दीवर असला तरी त्याचे नाव गावच्या यादीतून जात नाही, ते याच कायद्याच्या पुण्याईने.

गैरहजेरी मोजणारे नियम जगात आहेतच. विलायतेत कायम वास्तव्य मागणाऱ्यास सामान्यतः कोणत्याही १२ महिन्यांत १८० दिवसांहून अधिक बाहेर राहता येत नाही. कॅनडा आपल्या कायम रहिवाशाकडून ५ वर्षांत ७३० दिवसांची हजेरी मागतो. नियम जाचक खरे, पण ते आधी सांगितलेले असतात आणि दिवस मोजता येतात. आपल्या मोजणीचे कलम मी विचारले, तेव्हा आपण पंख्याकडे पाहिलेत.

आणि गैरहजेरीच मोजायची, तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत आमचे वाडवडील उंबरठा न ओलांडता मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात गेले, तो प्रवास कोणाच्या खाती मांडणार? साहेब, उपरोध पुरे झाला. दोन सरकारे २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात भांडत आहेत, ती खुशाल भांडोत. पण पोराचे भरतीचे वय सरत चालले आहे, आणि आपण त्याच्या शिक्षणालाच त्याचा गुन्हा ठरवता, याची चीड येते. कानडी नमुना, बंद पडलेला सर्व्हर, ‘उद्या या’, हे सारे आम्ही मुकाट सोसतो. हे सोसणार नाही.

तरीही आपली अडचण मला दिसत नाही असे नाही. वादग्रस्त म्हणून मोजल्या जाणाऱ्या गावाच्या कागदावर सही केली, तर वरून कोण काय खुलासा मागेल, ही धास्ती आपल्या चेहऱ्यावर होती. आपले घर रायचूरकडे, बायकामुले तिकडेच, बदली होईल तसे आपण फिरता, असे आपणच बोलता बोलता म्हणालात. उद्या आपल्या मुलाच्या दाखल्यासाठी तिकडच्या खिडकीतल्या माणसाने आपलीच फूटपट्टी आपल्याला लावली, तर ती तेव्हाही मला खोटीच वाटेल, आणि तसे मी त्यालाही लिहीन.

अर्ज सोमवारी पुन्हा आणतो आहे. सोबत घरफाळ्याच्या पावत्या, शाळेचा दाखला, आणि मुलगा केवळ शिक्षणापुरता तेथे होता असे बोर्डिंगच्या रेक्टरांचे पत्र जोडले आहे. मंजूर करावा, नामंजूरच करायचा असेल तर तोंडी नको, कलमाच्या आकड्यासह लेखी करून आवक-जावक क्रमांक घालून द्यावा, म्हणजे वर अपील करताना आम्हांस आपल्या पंख्याचा हवाला द्यावा लागणार नाही.

आपला,
अर्जदाराचा काका