न सापडण्याची किमया

जेकब वॉल्ट्झ हा जर्मन माणूस १८९१ साली ॲरिझोनातल्या फिनिक्स गावी वारला. मरता मरता त्याने म्हणे सुपरस्टिशन डोंगरातल्या आपल्या सोन्याच्या खाणीचा पत्ता सांगितला. पत्ता इतका चोख, की त्याची शुश्रूषा करणाऱ्या जुलिया थॉमसबाई पुढच्याच वर्षी डोंगर पालथा घालून हात हलवत परतल्या.

१९३१ साली ॲडॉल्फ रूथ नावाचे एक शोधक नकाशे घेऊन त्याच डोंगरात शिरले. काही महिन्यांनी त्यांची कवटी सापडली, खाण नाही. एखाद्याने यावरून घरी बसायचा धडा घेतला असता. शोधकांनी वेगळा घेतला: माणूस जिवानिशी गेला, म्हणजे सोने असलेच पाहिजे!

भूगर्भतज्ज्ञ सांगतात, हा डोंगर ज्वालामुखीचा. इथे सोन्याची आशा फारशी नाही. पण लपवायचे काही नसते, तर तज्ज्ञ एवढे कशाला बोलले असते? पुढे हा भाग संरक्षित रानात गेला आणि १९८४पासून तिथे नवे खाणदावे बंद झाले. मग तर शंकाच उरली नाही. सरकार उगाच का बंदी घालते?

सरकारही कच्चे नाही. पायथ्याशी या हरवल्या खाणीच्याच नावाचे सरकारी उद्यान आहे आणि दाराशी प्रवेशशुल्क घेतात. वॉल्ट्झची खाण सापडली असती, तर एव्हाना उपसून रिकामी झाली असती. सापडली नाही, म्हणून तर सव्वाशे वर्षांनंतरही उत्पन्न देते आहे.